खोडलेली ओळ

पडद्यावर माझ्या बापाचं शेवटचं बोलणं होतं आणि वर्ग हसत होता.

कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमधली गोष्ट. मराठीच्या सरांनी नवीन पद्धत आणली होती. निबंध कागदावर नाही, ऑनलाइन लिहायचा, त्यांनी दिलेल्या फाइलमध्ये. हल्ली पोरं मशीनकडून लिहून घेतात, म्हणून. विषय होता, माझ्या घरातला माणूस. मी वडिलांवर लिहिलं. माझ्याकडे लॅपटॉप नाही. बिबवेवाडीहून येता-जाता बसमध्ये, फोनवर, अंगठ्याने लिहिलं.

बाप यवतमाळकडे कापसाच्या जिनिंगमध्ये हमाल होता. मागच्या उन्हाळ्यात गेला. त्याच्यावर लिहायला घेतलं की पुस्तकी मराठी सुचेचना. त्याच्याशी त्या भाषेत मी कधी बोललेच नव्हते. मग असं केलं, आधी घरच्या बोलीत लिहायचं, रडून घ्यायचं, मग एकेक ओळ खोडून इथल्या मराठीत उतरवायची. पुण्यात आल्या आल्या एकदा 'का'च्या जागी तोंडातून 'काऊन' निघालं, तर मेसमधल्या पोरी मला त्याच नावाने हाक मारायला लागल्या. तेव्हापासून मी तोंड सांभाळून होते. खोडलं म्हणजे गेलं, असं वाटायचं. पाटीवरचं जातं तसं.

सरांना निबंध पटेना. इतकं शुद्ध हिला कुठून आलं? त्यांनी सगळ्यांसमोर पडद्यावर माझी फाइल उघडली आणि मागे मागे जायला लागले. फाइल सगळं लक्षात ठेवते, हे मला तेव्हा कळलं. कधी काय लिहिलं, काय पुसलं, सगळं. मी पुसलेला बाप भिंतभर उभा राहिला.

सरांनी तो वाचला. मुद्दाम हेल काढून वाचला.

'बाबा दवाखान्यात मले म्हने, तू बोलजो पोरी. माह्यासारखी मुकी नोको राहू.'

मागच्या रांगेत हसू फुटलं. सर माझ्याकडे वळले.

'अहो, तुम्ही मशीनकडून लिहून घेतलं नाहीत, हे सिद्ध झालं. पण हे वाचून वाटतं, घेतलं असतंत तर बरं झालं असतं.'

चोर ठरले नाही मी. त्याहून वाईट काहीतरी ठरले.

माझ्या बापाने जन्मात कुणाला उलट उत्तर दिलं नाही. शेठ शिवी द्यायचा, हा गाठ उचलायचा. दवाखान्यात त्याला श्वास पुरत नव्हता, त्यात तो एवढंच बोलला. आणि ती ओळ खोडून मी काय लिहिलं होतं? 'वडिलांनी मला निर्भीड होण्याचा उपदेश केला.' उपदेश! बापाला हा शब्दसुद्धा माहीत नव्हता.

शेजारी बसलेली मैत्रीण इथलीच, पेठेतली. हळूच म्हणाली, नंतर शुद्ध केलेलं छान झालंय गं, मनाला लावून घेऊ नकोस. ती मनापासून बोलली. म्हणून जास्त लागलं.

सर मार्क द्यायला पुन्हा शुद्ध निबंधावर आले. पुढच्या वेळी विचारच प्रमाण भाषेत करा, म्हणाले. माझ्या समोरच्या कॉम्प्युटरवर तीच फाइल उघडी होती. सर मागे जात होते तेव्हा जुनं परत आणायचं बटण मला पडद्यावर दिसलं होतं. मी ते दाबलं. पडद्यावरचा निबंध सगळ्यांदेखत गेला आणि तिथे बापाचं बोलणं आलं.

'हे काय केलंत?'

मी उभी राहिले. 'सर, माहा निबंध हाच आहे. मार्क यालेच द्या.'

एक-दोघं हसलेच. सरांनी मार्क जेमतेम पासापुरते दिले. त्याचं वाईट वाटलं नाही असं नाही. त्याहून वाईट हे वाटलं की मला तोंड फुटलं तेव्हा ऐकायला बाप नव्हता. त्याला परत आणायचं बटण कुठल्याच फाइलमध्ये नाही.

हे सगळं मी तुमच्या मराठीत लिहिलं, कारण हे तुम्हाला सांगायचं आहे. बाप तुमच्या मराठीत येणार नाही. त्याची ओळ मी आता खोडणार नाही, आणि हेल काढून कुणाला वाचूही देणार नाही.