सासूबाईंच्या पाटल्या आणि माझा बंदोबस्त

आमच्या घरी कधीच चोरी झाली नाही. यात माझा काही हात नाही.

तेव्हा, म्हणजे नव्वदच्या आसपास, नवीन पनवेल खरंच नवीन होतं. मे महिन्यात सगळी कॉलनी गावाला जायची आणि दुपारी रस्त्यावर ऊन एकटंच फिरत असायचं. खाडीकडून वारा यायचा, दोरीवर कुणाचा तरी विसरलेला टॉवेल हलायचा, आणि लांबवर प्रबळगड धुरकट, पेंगत बसल्यासारखा दिसायचा. अशाच दुपारी घरं फुटतात म्हणे. मला विचाराल तर अशा दुपारी चोरालासुद्धा कुलूप तोडता तोडता डुलकी लागली असती.

पण मी तेव्हा तिशीत होते आणि मला सगळं कळत होतं. (आता सत्तरीला आले, आता पुष्कळ कमी कळतं.) भगिनी मंडळात मी ‘सुट्टीत घर आणि गाडी कशी सांभाळावी’ यावर चांगला अर्धा तास बोलले. टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेतल्या सासूबाईंनी नाही वाजवल्या, पण घरी आल्यावर हातातल्या पाटल्या काढून माझ्यापुढे धरल्या.

“मुरुडला एसटीनं जायचंय, गर्दीत नकोत. एवढी शहाणी आहेस तर ठेव कुठेतरी. माझ्या आईच्या आहेत, एवढं लक्षात असू दे.”

लग्नाला नऊ वर्षं झाली होती, पण त्यांनी मला दुधावर लक्ष ठेवायलासुद्धा कधी एकटीला सांगितलं नव्हतं. पाटल्या हातात आल्या आणि मी जमिनीपासून वीतभर वर तरंगायला लागले.

कपाट नको, धान्याचे डबे नकोत, देव्हारा तर चोर आधी बघतात. आमच्याकडे एक जुनी गाडी होती. (पेणच्या पुढे जायला ती कुरकुरायची, म्हणून तर एसटी.) तिच्या डिकीत स्टेपनी होती. मी पाटल्या फडक्यात गुंडाळल्या, स्टेपनीच्या मधल्या खोलगट भागात बसवल्या आणि सुतळीनं आवळून बांधल्या. यांना सांगितलं नाही. हे झोपेत बोलतात.

मुरुडला मी आठ दिवस वाळूत पाय पसरून जागेपणी स्वप्नं बघितली. दोन चोर आमच्या घरात शिरायचे, गव्हात हात घालायचे, गाद्या उलथ्यापालथ्या करायचे आणि शेवटी दमून आमच्याच पंख्याखाली बसायचे. “बाई हुशार आहे,” एक म्हणायचा. दुसरा मान डोलवायचा. लाटा यायच्या, जायच्या. इतकं कौतुक माझं घरात कुणी केलं नव्हतं.

परत आलो. कुलूप जागेवर, गाडी जागेवर. सासूबाई म्हणाल्या, “संध्याकाळी लग्नाला जायचंय. पाटल्या दे.”

मी रुबाबात खाली गेले आणि डिकी उघडली. स्टेपनी नव्हती. ती असायची तिथे गोल काळा डाग तेवढा होता.

वर गॅलरीत हे चहा पीत उभे.

“अहो, स्टेपनी चोरीला गेली.”

“छे. सुट्टीत स्टेपन्या पळवतात म्हणून मीच निघायच्या आदल्या रात्री अंधारातच काढून विचुंब्याच्या पंक्चरवाल्याकडे ठेवली.”

“मला का नाही सांगितलंत?”

“तू मंडळात सांगितलं असतंस. अगं, पण स्टेपनीसाठी रडतेस काय?”

मी त्यांना खाली बोलावून हळू आवाजात सांगितलं. यांनी आयुष्यात पहिल्यांदा अर्धा चहा टाकला.

विचुंब्याचा पंक्चरवाला पत्र्याच्या शेडमध्ये ट्यूब घासत होता. “स्टेपनी हाय ना. हवा भरायला घेतली तं मदी पोटली बांधलेली. ती आयेकडं दिली.”

त्याची आई, चांगली आजीबाई, मागे आंब्याखाली बाजेवर सुकट निवडत बसली होती. रस्त्यावरून येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना दिसतील अशा, दोन्ही मनगटांवर आमच्या पाटल्या.

“तू ठेवलंस गो? सोनं कोन चाकात ठेवतं?”

“चोरांच्या भीतीनं...”

“आमच्या घराला कडी पन नाय. म्हनून हातात घातल्या. हात कोन नेनार? तुज्यापायी आठ दिस लेकीकडं जायची ऱ्हायले मी.”

मला तिच्या पाया पडावंसं वाटलं. पडलेही. पण उन्हानं तिचे हात सुजले होते आणि पाटल्या निघेनात. साबण झाला, खोबरेल झालं, पंक्चरवाल्याचं ग्रीससुद्धा लावून झालं. शेवटी हे म्हणाले, “या आजींनाच घरी नेऊ. माझ्या आईला जमेल.”

आजी पुढच्या सीटवर बसल्या. मी मागे, मांडीवर स्टेपनी घेऊन.

दार सासूबाईंनीच उघडलं. त्यांनी पाटल्या बघितल्या, मग त्या ज्या हातांत होत्या ते हात, मग मला. मी काहीतरी सांगायला तोंड उघडलं.

“तुमची सून चाकात ठेवून गेलती,” आजी म्हणाल्या.

सासूबाई हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. त्यांनी आजींना खुर्चीत बसवलं, हात गार पाण्यात बुडवून ठेवले आणि रेशमी चिंधी घालून दोन्ही पाटल्या अलगद उतरवल्या. मग दोघी इतक्या रंगल्या की लग्न बुडालं.

पुढच्या मे महिन्यात निघण्याआधी सासूबाई स्वतः विचुंब्याला गेल्या आणि आजींच्या हातात पाटल्या घालून आल्या. त्यानंतर दरवर्षी. घराची किल्ली मात्र त्यांनी स्वतःच्या कमरेला खोचली, आणि त्या होत्या तोवर मी माझ्याच घरात बेल वाजवून आले.