रिंकच्या मधलं स्टूल

आमच्या रिंकवर स्केटिंग शिकवणाऱ्या काकांना स्केटिंग येत नव्हतं. चेष्टा नाही करत. त्या माणसाने उभ्या जन्मात एकदाही पायाला चाकं बांधली नव्हती. एक गुडघा वाकायचा नाही, दुसरा वाकला की सरळ व्हायचा नाही. रिंकच्या मधोमध लाल प्लॅस्टिकचं स्टूल टाकून ते बसायचे आणि ओरडायचे, बस. एवढ्या भांडवलावर बोईसरची अर्धी पोरं चाकांवर उभी राहिली.

रिंक होता एका पार्कात, बोईसरजवळच्या सरावली गावाबाहेर. मूळची ती पार्काच्या मालकाची, म्हणजे मोठ्या शेठची, चिकूची वाडी. एमआयडीसीत कंपन्या वाढल्या, कॉलन्या झाल्या, आणि रविवारी बायकापोरांना न्यायचं कुठे हा प्रश्न बाहेरगावाहून आलेल्या सगळ्या बापांना एकदमच पडला. मोठ्या शेठनी निम्मी झाडं पाडली, आकाशपाळणा लावला, तळ्यात बदकाच्या होड्या सोडल्या आणि कुठेतरी बघून आले होते म्हणून गुळगुळीत लादीचा रिंकही बांधला. वर पत्रा, कडेने लोखंडी रेलिंग. शिकवायला मुंबईहून माणूस आणला. तो चार महिन्यांत पळाला. म्हणाला, इथल्या हवेत स्केट्सची बेअरिंग गंजतात. त्याला बेअरिंगची काळजी. आम्ही तर इथेच जन्मलेले.

तेव्हा काका गेटवर तिकिटं फाडायचे. सोलापूरकडचे. तारापूरला कापडाच्या कारखान्यात लूमवर जन्म काढलेला. कारखाना बंद पडला तेव्हा ते बाहेर पडले ते हे गुडघे आणि हे कान घेऊन. लूमच्या खडखडाटाने उजवा कान पार गेलेला, डावा नावापुरता. कानाशी जाऊन ओरडलं तर कळायचं. आणि स्वतःचा आवाज असा, की त्यांनी सरावलीत ‘चहा घे’ म्हटलं तर पलीकडच्या कुंभवली गावात कोणीतरी कप पुढे करावा.

मुंबईवाला पळाला तसे मोठे शेठ काकांना म्हणाले, “चार महिने बघतोस ना रोज? मग तूच शिकव.”

काकांनी बघून शिकलेलं ओरडून शिकवलं. “वाऽऽका!” म्हणजे गुडघे वाकवा. “सोऽऽडा!” म्हणजे रेलिंग सोडा. आणि “उऽऽलटं!” म्हणजे होता तिथे गर्रकन वळायचं आणि उलट्या दिशेने सुटायचं. यात त्यांचा एकच कायदा होता. बघायचं नाही, ऐकायचं. कोणी वळण्याआधी मान फिरवून बघितलं, की स्टूलवरून गर्जना यायची, “बघतंय बघ कसं बावळट! कान दिल्यात न्हवं देवानं? ज्याला हायत त्यानं तरी वापरा की रं!”

पोरं इतकी तयार झाली होती, की आवाज आला की पाय आधी वळायचे, डोकं मागून यायचं.

मी काही स्केटिंगला धड नव्हतो. माझं काम वेगळं. मला आवाज काढता यायचे. हेडमास्तर, शेजारची आजी, भंगारवाला, सगळे. आणि काका तर असे निघायचे, की त्यांच्याच स्टूलमागे उभा राहून मी “उऽऽलटं!” मारलं की अख्खा रिंक वळायचा. काकांना ऐकू यायचं नाही. पोरं का वळली म्हणून ते चक्रावून इकडेतिकडे बघायचे. मग पोरं हसतायत म्हणून स्वतःही हसायचे. आमच्या वयाच्या मुलांना याच्यासारखी करमणूक पार्कात दुसरी नव्हती. आकाशपाळणा तसाही बंदच असायचा.

मोठे शेठ गेले आणि पार्क धाकट्या शेठकडे आला. तोवर रिंकवर रविवारचे पंधरा-वीस जण उरलेले. पत्रा गळायचा, निम्म्या स्केट्सना चाकं नव्हती. धाकट्यांना रिंकवर हिरवं गवत अंथरून बॉक्स क्रिकेटचा टर्फ करायचा होता. काकांनी हातापाया पडून एक संधी मागितली. मे महिन्यातल्या एका रविवारी पोरांचा कार्यक्रम करून दाखवायचा. गर्दी जमली, पालकांना आवडला, तर रिंक राहील. नाहीतर काकांचं काम जाईल आणि रिंकमागची खोलीही जाईल. त्या खोलीत ते एकटेच राहायचे. गावाकडे फक्त एक पुतण्या होता आणि तो यांचा फोन उचलायचा नाही.

हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. मला तर चांगलंच. कार्यक्रमाच्या जाहिरातीचे पार्कभर चिकटवलेले कागद मीच लिहून दिले होते.

गर्दी झाली की त्या दिवशी! सगळ्या कॉलन्यांतून लोक आले. काका इस्त्रीचा शर्ट घालून स्टूलवर. समोर खुर्चीत धाकटे शेठ, मोबाईलमध्ये तोंड घालून. पलीकडे रेलिंगला मी आणि माझे दोन दोस्त.

पोरं वाकली, सुटली, वळली. लोक टाळ्या वाजवायला लागले. शेठनी मोबाईल खिशात टाकला. काकांना टाळ्या ऐकू येत नव्हत्या, पण हात दिसत होते. माणूस असा फुलला होता की बस.

शेवटचा आयटम आगगाडी. आठ पोरं एकमेकांच्या कमरेला धरून एका लायनीत, पूर्ण वेगात. पुढे इंजिन म्हणून कुंभवलीची अकरा वर्षांची पोरगी, रिंकवरची सगळ्यात पक्की. तिचा बाप कंपनीत हेल्पर. आगगाडीत ‘उलटं’ कधीच द्यायचं नाही हे सगळ्यांना पाठ. सगळे जखडलेले, वळणार कुठे?

दोस्त कोपर मारत म्हणाला, “ए, काड ना आवाज.”

“आता नाय रे.”

“फाटली काय तुझी?”

दुसरा म्हणाला, “ऱ्हाऊ दे त्याला. काकांचा लाडका हाय तो.”

आता इथे मी लिहू शकतो की मी विचार केला, मनात घालमेल झाली वगैरे. काही झाली नाही. मला एवढंच वाटलं की आत्ता मारला तर लय भारी बसेल.

मी मारला. “उऽऽलटं!”

आयुष्यात इतका हुबेहूब आवाज मी कधी काढला नव्हता.

इंजिन वळलं. मागचे काही वळले, काही नाही. सगळे एकावर एक पडले आणि तो ढीग तसाच घसरत जाऊन रेलिंगवर आदळला. सगळ्यांच्या खाली कुंभवलीची पोरगी. तिला बाहेर काढली तेव्हा पुढचे दोन दात लादीवर पडलेले. दुधाचे नव्हते. एका बारक्याचा हात मनगटातून भलतीकडे वळलेला.

काका स्टूलवरून उठताना पडले. तसेच सरपटत पोरांपर्यंत गेले.

शेठ त्यांच्यासमोर येऊन उभे राहिले. “आगगाडीत उलटं दिलंत? अक्कल गहाण टाकली का?” मग लक्षात आलं, तसं कानाशी वाकून परत ओरडले. “उलटं का दिलंत, काका?”

“म्या न्हाई दिलं, शेठ.”

“अख्ख्या पार्काने ऐकलं!”

काकांनी पोरांकडे बघितलं. “म्या दिलं व्हय रं?”

पोरं रडता रडता हो म्हणाली. त्यांची चूक नव्हती. एरवी माझी नक्कल ओळखणाऱ्यांनाही त्या वेगात आवाज कुठून आला ते कळलं नव्हतं. त्यांना शिकवलंच होतं, बघायचं नाही.

काकांची नजर गर्दीवरून फिरत माझ्यावर थांबली. रेलिंगला धरून ते माझ्यापर्यंत आले. आता हे मला हाणणार, असं वाटलं. हाणलं असतं तर बरं झालं असतं, असं आज म्हणायला सोपं आहे. तेव्हा मी मागे सरकायला जागा शोधत होतो.

त्यांनी डावा कान माझ्या तोंडाशी आणला. “तू हितंच हुतास न्हवं? तू सांग बाळा. म्या बोल्लो?”

दोस्त दुसरीकडे बघत होते.

मी त्यांच्या कानात ओरडलो, “हो काका. तुमीच बोल्लात.”

त्यांनी मान हलवली. भांडले नाहीत. नुसता हात तोंडावर ठेवला, तोंड आपोआप हलतंय का बघावं तसा. मग शेठकडे वळून म्हणाले, “मग गेलं असंल तोंडातनं. मला कळलं न्हाई.”

घरी जाताना दोस्त म्हणाला, “पण कडक काडलास हां आवाज. कोणाला कळला नाय.” आणि मला बरं वाटलं. हेही सांगून टाकतो.

आठवड्यात खोली रिकामी करायला सांगितली. त्या आठवड्यात काका कोणाशी बोलायचे तर हात तोंडाशी धरून, हळू. आम्ही पहिल्यांदाच त्यांना हळू बोलताना ऐकलं. स्वतःच्या तोंडावर भरवसा राहिला नव्हता. पार्कातले लोक म्हणायचे, बघ, डोकं पण गेलं म्हाताऱ्याचं.

त्यांना सोडायला बोईसरच्या एसटी स्टँडवर मी एकटाच गेलो. एक ट्रंक, एक पिशवी. गाडीला वेळ होता. बाकावर मी मुद्दाम त्यांच्या उजव्या, पार गेलेल्या कानाच्या बाजूला बसलो आणि माझ्या साध्या आवाजात, शेजारच्याशी बोलतात तेवढ्याच, सगळं सांगितलं. काका, तुम्ही नाही, मी बोललो. मज्जा म्हणून बोललो. सगळं, दोस्तांसकट.

माझे ओठ हलताना दिसले तशी ते मान वळवून डावा कान पुढे करत म्हणाले, “आँ? काय म्हन्लास?”

मी ओरडलो, “जेवलात काय, विचारतोय!”

“जेवलो, जेवलो.” त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि दुसरा तोंडाशी धरून म्हणाले, “लई गुनाचा हायस. पोरं रडत हुती, त्यांचं काय खरं मानायचं? तू सांगितलंस म्हनून मला पटलं.”

गाडी लागली. ट्रंक मी वर चढवून दिली.

रिंकवर आता टर्फ आहे. शनिवारी आम्ही खेळतो.