तळ्यावर उतरलेली सोंड आणि माझं मुलगी पाहणं

दसरा झाल्यावरच्या रविवारी मी हसनाबादजवळच्या एका खेड्यात मुलगी पाहायला गेल्तो. सोबत माझे मामा. आम्ही जालन्याचे, राहायला तिथल्याच मस्तगड भागात. मी एका ऑफिसात कारकून. मामांनी गाडीतच बजावलं, "तू जास्त बोलू नको. बोलायचं मी बघतो."

मुलीचं घर गावाबाहेर, तळ्याच्या काठाला. अंगणात पत्र्याचं शेड, त्याखाली खुर्च्या मांडलेल्या. मुलीनं पोहे दिले आणि समोर बसली. मामांनी शिक्षण विचारलं, तिनं सांगितलं. मंग त्यांनी विचारलं, "स्वयंपाक येतो का?"

"येतो. ह्यांना येतो का?" ती म्हणाली.

मामांना पोह्याचा ठसका लागला. तो ओसरेपर्यंत तिचे वडील तळ्याकडं बघत उभे राहिले होते. "पाहुणे, ते काय होऊन राह्यलं?"

काळ्या ढगातून करड्या रंगाची एक सोंड निघून थेट पाण्याला टेकली होती. बुडाशी पाणी गरगर फिरत होतं. सगळ्यांनी आधी मोबाईल काढले. "बाजूला हो जरा, मधी येऊन राह्यला तू," मामा माझ्यावर खेकसले. सोंड फोटोसाठी थांबली न्हाई. ती काठावर चढली, बाभळी जमिनीला टेकल्या, आणि दहा पिठाच्या गिरण्या एकदम सुरू व्हाव्यात तसा आवाज आला.

"पळा!" म्हणत तिचे वडील घरात शिरले. मामा त्यांच्यामागं. मी मात्र उलट्या दिशेला पळालो. का, ते आजही सांगता येत न्हाई. कोपऱ्यात ट्रॅक्टरची ट्रॉली उभी होती, तिच्याखाली घुसलो. तिथं एक शेळी आधीच बसलेली. पाठोपाठ पोह्यांची ताटली डोक्यावर धरून मुलगीही आली.

"या ताई, या," मी घाबरून सरकलो.

"ताई म्हणलात तर मंग जमायचं कसं?"

त्याच वेळी शेडचे पत्रे उखडून गेले. खुर्च्या तर पाखरांसारख्या उडाल्या. आमच्यापुढं धप्पदिशी काहीतरी पडलं. बघतो तर मासा, तडफडत होता. मंग दुसरा. शेळी घाबरून माझ्या मांडीवर चढली.

"तुम्हाला मासे चालतात का?" वाऱ्यात ओरडून तिनं विचारलं.

"चालतात! पण घरी माहीत न्हाई!"

"माझ्या पण घरी!"

एवढ्या धुमाकुळात आम्ही खो-खो हसत बसलो. अंबडला नोकरी करायची तिची इच्छा होती. तेही तिनं ओरडूनच सांगितलं, आणि मी "बिलकुल करा!" म्हणून ओरडलो. शेळी माझ्या शर्टाची कॉलर चघळत होती.

दोन-तीन मिनिटांत सगळं शांत. शेडचे नुसते खांब उरले होते, पत्रे शेजाऱ्याच्या मोसंबीच्या बागेत लटकले होते, गोठ्याची एक भिंत आडवी झाली होती. जनावरं धड, माणसंही धड. मामा घरातून पांढरेफटक होऊन बाहेर आले. भीतीनं न्हाई, पिठानं. लपायच्या गडबडीत त्यांनी पिठाचा डबा अंगावर पाडून घेतला होता.

मुलीच्या वडिलांनी पडलेल्या भिंतीकडं पाहिलं, मोडक्या खुर्च्यांकडं पाहिलं आणि पाहुण्यांसमोर रीत म्हणून घसा खाकरला. "पोरापोरीला एकटं बोलायचं असंल तर बोलू द्या दहा मिनिटं."

"झालं बोलून," आम्ही दोघं ट्रॉलीखालून म्हणालो.

दुसऱ्या दिवशी तलाठी पंचनाम्याला आले. मोसंबीत मासे का पडलेत, हे कुठल्या रकान्यात लिहावं, ते त्यांना कळेना. शेवटी त्यांनी 'जोराचा वारा' एवढंच लिहिलं.

लग्न माघात झालं. अंगणात मांडव घालायचा न्हाई, हे मामांनी निक्षून सांगितलं होतं. म्हणून अंबडला, चारी बाजूंनी पक्क्या भिंती असलेलं कार्यालय धरलं. तरी अक्षता पडेपर्यंत मामा एका खांबाला धरूनच उभे होते.