पाटी नसलेला साकव

कुठल्याही कठड्याला हात लावण्याआधी काकी बोटाच्या पेराने तो ठोकत. चाळीचा जिना असो, करी रोडचा पूल असो, नाहीतर माझ्या दाराची चौकट. "वाजवून बघावं," म्हणत. "आतून पोकळ असलं की आवाजच सांगतो." हा नियम काकी माणसांनाही लावत.

लालबागच्या चाळीत त्या माझ्या शेजारच्या खोलीत राहत. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या. त्यांच्या कोकणातल्या गावाचं मुंबईकर मंडळ त्यांच्या दिवंगत यजमानांनी सुरू केलेलं. गिरणगावात राहिला असाल तर अशी मंडळं तुमच्या ओळखीची आहेत: वर्षातून एकदा सभा, बटाटेवडे आणि गावात काहीतरी नवं बांधायचा ठराव. नवं, कारण नव्यावर देणगीदारांची पाटी लागते.

त्या वर्षी सभा माझ्या खोलीत भरली. विषय होता गावाच्या वेशीवर कमान. पाटीवर सर्वांत वर काकींच्या यजमानांचं नाव येणार होतं, कारण त्यांच्या स्मरणार्थ काकींनी ठेवलेली देणगी सर्वांत मोठी होती.

काकी उठल्या. "अध्यक्षांनू, कमानीखालसून जातलास, पण व्हाळ कसो ओलांडतलास?"

गावच्या या ओढ्यावरचा साकव खालून सुटत चालला होता. स्लॅबचे पोपडे पडून गंजलेल्या सळ्या दिसत होत्या. शाळेची मुलं त्यावरूनच जात.

"काकी, दुरुस्तीला कोण देणगी देतो?" अध्यक्ष म्हणाले. "पाटी कुठे लावणार?"

"मग माझ्या माणसाचं नाव पुसा. पैसे साकवाला जातील."

"लोक विसरतील हो त्यांना."

"विसरू देत. पोर व्हाळात पडलं तर मात्र मी विसरणार नाही."

काकींवर मंडळ फोडल्याचा आरोप झाला. "पोकळ होतं म्हणून फुटलं," त्या म्हणाल्या आणि वड्यांचं ताट पुढे फिरवलं.

खालच्या मजल्यावरची एक मुलगी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. तिच्या गटाने प्रोजेक्टसाठी थर्माकोलचा पूल केला होता. काकींनी तो ठोकला. "ह्याच्यावरून कोण जाणार? तुमचे मार्क? खरा पूल देते, करा."

मुलं आणि त्यांचे सर गावी गेले. पहिला अहवाल आला: पाडून नवा बांधावा. काकींनी तो परत पाठवला. "पाडा म्हणणं सोपं असतं. आमच्या चाळीलाही सगळे तेच म्हणतात. खांब तपासलेत?"

नव्हते तपासले. मुलं पुन्हा गेली. जांभ्या दगडाचे खांब शाबूत निघाले, स्लॅब तेवढा गेलेला होता. सरांनी आराखड्यावर सही केली, पंचायतीने परवानगी दिली, खर्च काकींनी उचलला. पावसाळ्याआधी नवा स्लॅब झाला. काकी त्यावरून एकदा पलीकडे गेल्या, कठडा ठोकत परत आल्या. भाषण नाही.

पुढच्या थंडीत त्या गेल्या.

शोकसभाही माझ्याच खोलीत झाली. अध्यक्षांनी स्वखर्चाने ग्रॅनाइटची पाटी करून आणली होती, काकींच्या नावाची. "साकवावर लावू," ते म्हणाले.

"काका, नको," खालच्या मजल्यावरची ती मुलगी म्हणाली.

"का गं?"

"भोकं पाडावी लागतील. तिथून पाणी आत जाईल, सळ्या परत गंजतील. पाटी लावली तर काय होईल, ते काकींनी मला आधीच विचारून ठेवलं होतं."

अध्यक्षांनी पाटी पेराने एकदा ठोकली, पुन्हा वर्तमानपत्रात गुंडाळली आणि पुढचा विषय वाचला: शाळेमागची पाण्याची टाकी. दुरुस्ती.

पाटी माझ्या माळ्यावर आहे.