वजन घेण्याजोगा कापूस नाही

निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण त्या प्रकरणाचा विषय निघाला की मी आजही खुर्चीत ताठ बसतो. खून, दरोडे पुष्कळ पाहिले. अंगावर काटा मात्र एका वहीच्या चोरीनं आणला.

साठ सालच्या आसपासची गोष्ट. मी नवा फौजदार होतो. ठाणं अकोल्याचं की अमरावतीचं, ते सांगत नाही. दोन्हीकडे नोकरी केली आहे. शहराबाहेर शेतकी कॉलेज होतं आणि त्याला लागून प्रयोगाचं शेत. तिथले एक प्राध्यापक स्वतः ठाण्यात आले. मोठे मानी गृहस्थ, बोलणं मोजकं. फिर्याद अशी, की प्रयोगशाळेच्या कपाटातून कपाशीच्या नव्या वाणाची नोंदवही चोरीला गेली आणि संशय त्यांच्याच संशोधन सहायकावर आहे.

जुनी वही कोण कशाला चोरेल? मी मनात हसलो. मग त्यांनी सांगितलं ते ऐकून सावरून बसलो. हे वाण शेतकी खात्याच्या समितीपुढे होतं. मंजुरी मिळाली की पुढच्या हंगामात त्याचं बियाणं वऱ्हाडभर वाटलं जाणार होतं. समितीनं गेल्या हंगामाच्या मूळ नोंदी मागवल्या आणि नेमकी तीच वही गायब झाली.

"सुदैवानं मी स्वतः दुसरी वही लिहीत होतो," ते म्हणाले. "तिच्यात सगळं आहे."

ती वही मी पुराव्यासाठी ठेवून घेतली आणि त्यांचा जबाब शब्दशः उतरवला: 'ही वही मी शेतातच, कापूस वेचला त्या त्या दिवशी लिहिली.' खाली त्यांची सही घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी हजेरी चालू असताना एक बाई ठाण्याच्या पायरीशी येऊन उभी राहिली. प्रयोगाच्या शेतात कापूस वेचणाऱ्या बायांची ती मुकादम.

"साहेब, त्या पोराले काहून धरून राहिले तुमी?"

"अजून धरलं नाही, बाई. पण तुम्हाला काय माहीत आहे?"

"मले एवढंच माहीत हाय, का त्या वावरात गेल्या साली कापूसच नव्हता. बोंडं अळीनं खाल्ले. आमी दिवसभर निरा किडक्या बोंडांची कवडी वेचली. अन् आता कॉलेजात सांगून राहिले, का लय पिकलं म्हणून. तो कापूस काय आभायातून पडला?"

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. चोरी वहीची नव्हतीच. भांडण वहीत काय लिहिलं होतं, याचं होतं.

सहायकाला बोलावलं. पंचविशीचा तरुण, नांदगाव खंडेश्वरकडचा. घरच्यांनी छप्पन साली धम्मदीक्षा घेतलेली, वडील मजुरी करणारे, आणि गावातला हा पहिलाच पदवीधर. नोकरी गेली असती तर काय काय गेलं असतं, ते त्याच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. पण आवाज कापत नव्हता. चोर एक तर फार बोलतो किंवा मुळीच बोलत नाही. हा विचारलं तेवढंच सांगत होता.

"वही तू घेतलीस?"

"हो साहेब. घेतली, पण चोरली नाही. सरांनी मला आकडे बदलून सही करायला सांगितली. मी नाही म्हटलं आणि समितीला पत्र लिहिलं. समितीनं वही मागवली, तसं सर म्हणाले, ती वही आता राहणार नाही. म्हणून लपवली."

"कुठे आहे?"

दोन तास झाले, चहा झाला, तरी तो जागा सांगेना. शेवटी मी आवाज चढवला, तेव्हा म्हणाला, "साहेब, तुम्ही भले माणूस असाल. पण वही कॉलेजच्या मालकीची. तुमच्या हाती दिली, की तुम्हाला ती सरांनाच परत द्यावी लागेल."

एवढं ओझं त्या पोरानं एकट्यानं वागवलं होतं! मी खुर्ची त्याच्याजवळ ओढली. "नीट ऐक. पंचांसमक्ष पंचनामा करून वही मुद्देमाल म्हणून जप्त केली, लाखेचं सील लावलं, की मॅजिस्ट्रेटच्या हुकुमाशिवाय ती कोणालाही मिळत नाही. तुझ्या सरांना नाही, मलाही नाही."

"खरंच, साहेब?"

"कायदाच आहे तसा."

तो उठलाच. दोन पंच घेऊन आम्ही निघालो. मला वाटलं, गाडी त्याच्या गावाकडे न्यावी लागणार. त्यानं नेलं कॉलेजच्याच ग्रंथालयात! शिडी लावून वरच्या फळीवरचे जुने वार्षिक अहवाल खाली काढले आणि त्यांच्या मागून वही. "हे कोणी उघडत नाही साहेब," तो म्हणाला. पंचांनासुद्धा हसू आवरेना.

वहीवर मातीचे डाग होते. तिसऱ्या वेचणीच्या पानावर त्याच्या अक्षरात लिहिलेलं होतं: 'वजन घेण्याजोगा कापूस नाही.' प्राध्यापकांच्या वहीत त्याच दिवशी भरघोस वजन.

पण आता अडचण होती. दोन वह्या, दोन अक्षरं. मोठ्या माणसाच्या शब्दापुढे मजुराच्या पोराचं आणि वेचणाऱ्या बाईचं कोण ऐकणार? सील लावण्याआधी मी पंचांसमोरच दोन्ही वह्या टेबलावर ठेवून डोकं धरून बसलो होतो. तेवढ्यात ठाण्याचे हेड मोहरर, म्हणजे लिखापढीचे जमादार, सहीसाठी कागद घेऊन आले. ठाण्याची सारी रजिस्टरं आणि कोरे फॉर्म मागवण्याचं काम त्यांच्याकडे. त्यांनी सरांची वही उचलली, शेवटचं पान उलटलं आणि डोळे बारीक केले.

"साहेब, हे लिहिलं कवाचं म्हंता?"

"गेल्या हिवाळ्यातलं."

"मंग हे पाहा बरं."

पानाच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत सरकारी छापखान्याची ओळ होती: फॉर्मचा नंबर, आणि छपाईचा महिना-साल. मे. हंगाम संपून उन्हाळा लागल्यावरचा मे!

मी खुर्चीवरून उडालोच. सहायकाच्या वहीची ओळ पाहिली. तिची छपाई त्याच्याही दोन वर्षं आधीची. त्या म्हाताऱ्या जमादारांना मी मिठी मारली. त्यांची टोपी पडली आणि सगळं ठाणं पाहत राहिलं.

प्राध्यापकांकडे मी साध्या वेषात गेलो. त्यांचीच वही उघडून ती ओळ दाखवली.

"सर, कापूस वेचला हिवाळ्यात. ही वही छापली उन्हाळ्यात."

त्यांनी चष्मा पुसला. "ही... स्वच्छ प्रत आहे."

"जबाबात आपण म्हणालात, शेतातच, त्याच दिवशी लिहिली."

त्यांनी वही मिटून बाजूला सरकवली. मग ते हळू म्हणाले, "दहा वर्षं घातली मी या वाणात. दहा वर्षं खरी आहेत, फौजदार. एका वर्षी अळी पडली. त्या एका वर्षानं सगळं खायचं?"

मला त्यांचा राग यायला हवा होता. आला नाही. पण फिर्याद खोटी होती आणि एका तरुणाच्या भाकरीवर उठलेली होती. मी 'ब' समरीचा, म्हणजे जाणूनबुजून खोटी फिर्याद केल्याचा अहवाल पाठवला. मॅजिस्ट्रेटच्या हुकुमानं दोन्ही वह्या समितीपुढे गेल्या. बियाण्याचं वाटप थांबलं, प्राध्यापकांनी राजीनामा दिला.

समितीनं सहायकाला विचारलं, या कामाचं आता काय करायचं? सगळे कागद रद्द करावेत, असं बहुतेकांचं मत होतं. तो म्हणाला, "सरांच्या आधीच्या दहा वर्षांच्या नोंदी मी तपासल्या आहेत. त्या खऱ्या आहेत. त्या ठेवा, आणि त्यांच्याखाली सरांचंच नाव ठेवा." ज्यानं त्याला चोर ठरवायला काढलं होतं, त्याच्याबद्दल तो हे बोलला. नोंदी राहिल्या. पुढे त्या वाणाच्या चाचण्या नव्यानं झाल्या. अळी पडली की ते टिकत नाही, हे ठरलं आणि ते शेतकऱ्यांच्या वावरात कधी गेलं नाही.

या प्रकरणानं मला काय शिकवलं, ते कबूल करतो. तेव्हा आमच्या खात्यात पंचनामा ठाण्यात बसून 'नीट' करण्याची सवय होती. खटल्यात भोक दिसलं की दोन ओळी वाढवायच्या. मीही वाढवल्या होत्या. त्याच वर्षी एका घरफोडीत आरोपी माझ्या मते पक्का होता, पण घरझडतीत काहीच सापडलं नाही. हातात लेखणी घेऊन मी बराच वेळ बसलो आणि शेवटी पंचनाम्यात लिहिलं, 'काही मिळून आले नाही.' आरोपी सुटला. वरिष्ठांनी सगळ्यांदेखत झाडलं. चार महिन्यांनी खरा चोर बडनेऱ्याला मालासकट सापडला, आणि तो भलताच निघाला.

मी ज्याला पक्का धरला होता, तो माणूस त्या दिवशी तुरुंगात नव्हे, आपल्या घरी जेवत होता.