मैनाबाईंची जीभकापी

बिबवेवाडीत आमच्या सोसायटीला लागून एक जुनं घर आहे, खाली दोन खोल्या, वर दोन. भोवतीची शेतं बिल्डरांकडे गेली, तेवढा तुकडा राहिला, कारण मैनाबाईंनी सही केली नाही. नारायण पेठ सोडून मी इथे राहायला आले तेव्हा माझ्या बाल्कनीतून त्यांचं मागचं अंगण दिसायचं. अंगणाच्या भिंतीवर द्राक्षाचा वेल चढलेला होता, आणि त्या वेलाशी मोडक्यातोडक्या मराठीत बोलणारा एक गोरा म्हातारा. आमच्या पेठेत लोक माणसांशी धड बोलत नाहीत. मला गंमत वाटली.

त्याचं नाव सिल्वानो. चाकणच्या एका कारखान्यात यंत्रं बसवायला म्हणून इटलीहून आला होता. मैनाबाईंच्या यजमानांनी, हिंमतरावांनी, त्याला वरच्या खोल्या भाड्याने दिल्या. काम संपलं, नोकरी संपली, तरी तो परत गेला नाही. एकदा सुट्टीवर गेला तेव्हा गावाकडून ओल्या फडक्यात गुंडाळून चार काड्या घेऊन आला. त्यातली एकच जगली, तोच हा वेल.

त्या द्राक्षाला त्याच्या मुलखात तात्सेलेंगे म्हणतात. म्हणजे जीभ कापणारं. इटलीच्या अगदी ईशान्य कोपऱ्यात ते होतं आणि तिथेही आता फार थोडं उरलंय, कारण लोकांनी जास्त पीक देणाऱ्या जाती लावल्या. त्याची लाल वाईन कोवळी असताना इतकी तुरट असते की जिभेवर पातं फिरल्यासारखं वाटतं. काही वर्षं ठेवल्यावर ती निवते. हिंमतरावांनी पहिल्याच वर्षी घोट घेतला आणि दिवसभर बोबडे बोलले. मैनाबाईंनी त्या दिवशी तिचं नाव जीभकापी ठेवलं. त्या स्वतः कधी प्यायल्या नाहीत.

वाईन घरापुरतीच होई आणि सगळी हाताने. उन्हाळा लागायच्या आत घड उतरवायचे, मणी हातांनी सुटे करायचे, पाय घासून धुवायचे आणि टबात उभं राहून तुडवायचं. मग रस सालींसकट ड्रममध्ये भरून पूर्वीच्या गोठ्यात ठेवायचा. तो आंबून आपोआप उकळायला लागतो, साली वर येतात, त्या लाकडी दांड्याने पुन्हा पुन्हा खाली दाबायच्या. हिंमतराव होते तोवर ते आणि सिल्वानो तुडवायचे. ते गेल्यावर मैनाबाई लुगड्याचा ओचा खोवून टबात उभ्या राहू लागल्या. सिल्वानो त्यांना मैनाताई म्हणे, त्या त्याला भाऊ म्हणत. मुलगा विक्रम खराडीला राहायचा आणि आईने आता हे सगळं आवरावं असं त्याचं म्हणणं होतं.

गणपती उठले आणि सिल्वानो आजारी पडला. छातीत पाणी झालं होतं. इस्पितळात राहायला तो तयार नव्हता, वरच्या खोलीत पडून असायचा. स्वतःच्या दुखण्याबद्दल तो फारसं बोलत नसे, त्याला काळजी ऑक्टोबरच्या छाटणीची होती. ती झाली नाही तर आपल्याकडे वेलाला फळ धरत नाही. कोण करणार, असं तो रोज विचारायचा. शेवटी मैनाबाई त्याला धीर द्यायला म्हणाल्या, "तुमी बरं व्हा, भाऊ. मग तुमीच कापा."

त्यानंतर दोन दिवसांनी तो गेला. ख्रिस्ती दफनभूमीत त्याला पुरलं. मैनाबाई, विक्रम, मी आणि त्याच्या कारखान्यातले दोघे-तिघे, एवढीच माणसं.

ऑक्टोबरातल्या एका दुपारी मी बाल्कनीत कपडे वाळत घालत होते. खाली रणरणतं ऊन होतं. मैनाबाई स्टुलावर उभ्या राहून वेल छाटत होत्या. हात झपाझप चालत होता. काडी धरायची, डोळा बघायचा, कात्री तिरपी लावायची, कट. मी हाक मारली. त्यांनी मान वळवली नाही. पुन्हा मारली. मला वाटलं, दुःखात आहे बाई, असू दे.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या माझ्याकडे आल्या. चहा दिला तर कप हातात धरून बसून राहिल्या. मग त्यांनी विचारलं की काल आमच्या अंगणात कुणी शिरताना दिसलं का. त्या जेवून आडव्या झाल्या होत्या, उठून बघतात तर वेल छाटलेला आणि काड्या भिंतीशी नीट रचून ठेवलेल्या. विक्रमला फोन करून झाला होता, त्याने कुणाला पाठवलं नव्हतं.

मला ती थट्टा वाटली. "अहो, तुम्हीच तर कापत होतात," मी म्हटलं. "दोनदा हाक मारली. आणि इतक्या वर्षांत तुम्ही डावखुऱ्या आहात हे मला कळलं नव्हतं."

मैनाबाईंनी कप खाली ठेवला. "मी डावखुरी न्हाई, ताई," त्या म्हणाल्या.

त्यांनी डावा तळवा उघडून दाखवला. अंगठ्याच्या बुडाशी मोठा फोड आला होता आणि तो फुटला होता. डावखुरा होता तो सिल्वानो.

विक्रमने त्यांना डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, धक्क्याने असं होतं, माणूस झोपेत चालतो, कामंही करतो, उठल्यावर आठवत नाही. गोळ्या दिल्या. मलाही ते पटलं. डाव्या हाताचं काय, हे कुणी त्यांना विचारलं नाही. मैनाबाईंनी छाटणीची कात्री माझ्याकडे ठेवायला दिली. मी ती स्वयंपाकघराच्या खणात टाकली. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही, पण खणाला मी कुलूप लावलं.

त्या साली वेलाला फळ आलं ते भिंत दिसेनाशी होईल इतकं. काळेभोर, घट्ट घड. एरवी तळजाईच्या टेकडीवरून पोपटांचे थवे यायचे आणि अर्धे घड फस्त करायचे. त्या वर्षी पोपट यायचे, तारेवर बसायचे आणि न खाता उडून जायचे. मैनाबाईंनी बरेच दिवस घडांना हात लावला नाही. मग एक दिवस म्हणाल्या की इतकं पिकलेलं कुजवायचं कसं. मी मणी काढायला गेले. माझी बोटं आठवडाभर जांभळी होती. तुडवायचं काम त्यांनी एकटीने केलं.

रस गोठ्यात गेला आणि दुसऱ्या दिवसापासून आवाज यायला लागला. मी स्वतः ऐकलाय. सालींच्या थराखाली कुणीतरी तोंडात घास धरून बोलतंय, असा. रस उकळताना बुडबुडे फुटतात, त्याचा आवाज, हे मला ठाऊक होतं. तरी मी दाराशी उभी राहिले आणि शब्द लागतोय का ते ऐकत राहिले.

सिल्वानोचा एक नियम होता. गोठ्यात जाताना पणती पेटवून गुडघ्याच्या उंचीवर ठेवायची. रसातून निघणारी हवा जड असते, ती जमिनीलगत साचते आणि माणसाला गुंगी आणते. पणती विझली की काम टाकून बाहेर पडायचं. मैनाबाई तो पाळायच्या.

पुढचं त्यांनी मला घडलं त्याच दिवशी सांगितलं. सकाळी वारा होता, अंगणातली धूळ आत येत होती, म्हणून त्यांनी दार लोटून घेतलं. पणती ठेवली आणि दांडा उचलून साली दाबायला लागल्या. थोड्या वेळाने त्यांच्या लक्षात आलं की दांडा डाव्या हातात आहे. त्यांनी तो उजव्यात घ्यायला बघितलं, तर डावा हात सोडेना. तो दाबत राहिला, वर-खाली, एकाच लयीत. ड्रममधला आवाज वाढत गेला. त्यांना त्यात आपलं नाव ऐकू आलं, मैनाताई, मैनाताई, जसा तो जिन्यातून हाक मारायचा तसं. पणती फडफडली आणि विझली. फटीतून येणाऱ्या उजेडात त्यांना सगळं दिसत होतं, आपला हात, दांडा, वर येणारा लाल फेस. पाय मात्र हलत नव्हते. डोकं जड होत चाललं होतं. त्या म्हणाल्या की भीती वाटत नव्हती, तीच मोठी भीती होती. इथेच बसावं, बरं वाटेल, असं वाटत होतं.

मग त्या मोठ्याने म्हणाल्या, "भाऊ, दिवा विझला."

हात थांबला.

"दिवा विझला, भाऊ. तुमीच सांगितलं होतं. आता भाईर चला."

बोटं एकेक करून सुटली. दांडा ड्रममध्ये पडला. त्या दारावर आदळल्या आणि बाहेर पायरीवर कोसळल्या. तो आवाज ऐकून मी खाली धावले. त्यांचे ओठ निळे पडले होते आणि डावा हात कोपरापर्यंत लाल होता. मी त्यांना उन्हात ओढलं, पाणी पाजलं. शुद्धीवर आल्यावर त्यांनी पहिल्यांदा माझ्या मागे, गोठ्याच्या दाराकडे बघितलं आणि जरा सरकून बसल्या. कुणाला तरी पायरीवरून उतरायला वाट करून द्यावी तशा.

विक्रम आला, खूप रागावला. ही गॅसची करणी आहे, मेंदूला प्राणवायू कमी पडला की माणसाला काहीही ऐकू येतं, हे त्याने पुन्हा पुन्हा समजावलं. त्याचं चूक होतं असं मी म्हणणार नाही. मैनाबाईंनी सगळं ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी दार सताड उघडं टाकून त्या पुन्हा आत गेल्या. मी दारात खुर्ची टाकून बसले होते. रस गाळून काचेच्या मोठ्या बरण्यांत भरेपर्यंत मी रोज बसले. पुन्हा तसं काही झालं नाही.

पण पुढचा ऑक्टोबर आला तशा त्या दुपारी झोपेनाशा झाल्या. एक दिवस जेवण झाल्यावर लगेच माझ्या दारात उभ्या.

"कात्री द्या, ताई. जागी असताना करायचंय."

मी कुलूप काढून कात्री दिली आणि त्यांच्याबरोबर गेले. अंगणात दोन प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडलेल्या होत्या. मी वेलाजवळच्या खुर्चीत बसायला गेले तर त्यांनी मला अडवलं. "ती नको. ही घ्या," म्हणाल्या. मी दुसरीत बसले.

त्यांनी डावा हात पदरात गुंडाळून कमरेशी खोचला आणि उजव्या हातात कात्री घेतली. छाटणीची सवय नव्हती, काम अडखळत चाललं होतं. काडीला कात्री लावायच्या, थांबायच्या आणि खुर्चीकडे न बघताच हळू विचारायच्या, "हितं?" मग कात्री बोटभर खाली सरकवायच्या आणि कापायच्या. कापलेल्या टोकांतून पाणी ठिबकत होतं, भिंतीवर ओघळ उतरत होते. खुर्चीत कुणी नव्हतं, हे मी स्वच्छ सांगते. पण येता-जाता मैनाबाई त्या खुर्चीला वळसा घालत होत्या. काड्या गोळा करायला मी उठले, तेव्हा मीही घातला.

शेवटची काडी कापून झाल्यावर त्यांनी पदर सोडवला आणि खुर्चीसमोर उभ्या राहिल्या. "आता दरसाल मीच करीन," त्या म्हणाल्या. "तुमी निवांत बसा."

यंदा तिसरी छाटणी झाली. वेल फळतो, पोपट पुन्हा खायला येतात. मैनाबाईंच्या गोळ्या बंद झाल्या आणि दुपारची झोप परत आली आहे. संध्याकाळी मी चहाला जाते, तेव्हा कधीकधी त्या नुकत्याच उठलेल्या असतात. माझ्याशी बोलण्याआधी त्या दोन्ही हात उताणे करून बघतात, आणि मीही बघते.