डॉक्टरांच्या गाडीचे ऐब

हसणार नसाल तर सांगतो. नाही, हसणारच तुम्ही, पण निदान तोंडातला चहा गिळून मग हसा. एक मोटारगाडी माझ्या हातात आली होती, किल्लीसकट म्हणा ना, आणि ती मी घालवली. चोरानं नेली नाही, झाडावर आपटली नाही. नुसत्या तोंडानं घालवली.

आमचं गाव चांदूर रेल्वे. मी संत्र्याचे बगीचे ठेक्यानं घेतो, पण वडील बैलांचे व्यापारी, त्यामुळे लहानपण सगळं बैलबाजारात गेलं. तिथं त्यांनी मला एकच विद्या शिकवली. जो बैल मनात भरला, त्याला बरा म्हणायचं नाही. तोंड वाकडं करायचं, दात पाहायचे, शेपटी उचलायची आणि ऐब काढायचे. ‘पाय वाकडा टाकते.’ ‘खांदा सुजला हाय.’ ‘मारका दिसते.’ मग विकणाऱ्याला कळतं की हा माणूस घेणार. जो ‘वा, काय देखणा बैल’ म्हणतो, तो नुसता फिरायला आलेला.

आणि विकणारा काय करतो? बैलाच्या गळ्यात पडून डोळे पुसतो. ‘पोटच्या लेकरावानी पोसला जी.’ दोघांचंही खरं नसतं आणि दोघांनाही ते ठाऊक असतं. शेवटी मधे कुठंतरी जमतं आणि दोघं मिळून चहा पितात. चहा झाला म्हणजे सौदा पक्का. इतका सरळ व्यवहार आहे हो!

मी सिंधूला पाहायला बार्शीटाकळीला गेलो, तेव्हा काय म्हणालो असेन? ‘उंचीनं कमी दिसते.’ सासरेही बाजार हिंडलेले. त्यांनी लगेच आतून गूळपाणी मागवलं.

तर ही सिंधू, माझी बायको. तिनं माझ्याकडे कधी काही मागितलं नाही. माहेरी जायचं म्हणजे पेटी, पोरं, लोणच्याची बरणी घेऊन रेल्वेत चढायचं, बडनेरा, मूर्तिजापूर करत अकोल्याला उतरायचं, मोटारस्टँडवर ताटकळायचं आणि मग धूळ खात बार्शीटाकळी. तिथं तिची आई दारात बसलेली. नजर कमी झालेली, पण लेक आली हे पावलावरून ओळखणारी. एकदा परत येताना सिंधू म्हणाली, “एक डाव मायच्या दारात गाडीनं उतरावं वाटते. धुळीनं माखल्याबिगर. मायले थोडंसं दिसते तंवर.”

तिच्या भावाच्या पोरीचं लग्न उन्हाळ्यात निघालं होतं. मी म्हणालो, “उतरशीन. लग्नाले गाडीनं जाऊ.”

बोलून बसलो खरा. पण त्याच सुमाराला कानावर आलं की अमरावतीच्या डॉक्टरांची गाडी निघाली आहे. डॉक्टर वारले होते, त्यांच्या पत्नीला, माईंना, ती विकायची होती. गाडी म्हणजे काय गाडी! लांबलचक, विलायती, सायीच्या रंगाची. तरुणपणी मी अमरावतीला गेलो की ती दिसताच सायकलवरून उतरून उभा राहायचो. कोणी उतर म्हटलं नव्हतं. उतरावंसं वाटायचं.

आता अशी जुनी, मोठी गाडी घ्यायची म्हणजे तोटे काय मला कळत नव्हते? पेट्रोल म्हशीनं पाणी प्यावं तसं पिणार. सुटे भाग विलायतेचे, मुंबईला चिठ्ठ्या लिहून वाट पाहत बसा. आमच्या गल्लीत वळायची नाही, कोपऱ्यावरच्या शिंप्याचा ओटा फोडावा लागेल. आणि खरा तोटा असा की मोठ्या माणसाची गाडी जुनी झाली की लहान माणसाला घेता येते, पण तिचं खाणंपिणं मोठ्यांच्या घरचंच राहतं. हे सगळं आठवडाभर तोलून पाहिलं. सगळं तोट्याचंच निघालं. मग ठरवलं, घ्यायची.

माईंनी गाडीखान्याचं दार उघडलं. बाई मूळच्या पुण्याकडच्या, बैलबाजार त्यांनी कशाला पाहिला असेल? गाडी आत उभी होती, रोज पुसलेली, समोरच्या चकचकीत पट्टीत माझं तोंड दिसत होतं. माझा जीव तिच्यावर असा बसला, की मी लगेच तोंड वाकडं केलं.

“रंग उडाला हाय,” मी म्हणालो.

“हो का? मला तर होता तसाच दिसतो.”

“सावलीत नाई दिसत. उन्हात नेल्यावर दिसते.”

चाकाला पायानं ठोकलं. “चाकं घासले.” मग आत बसलो. ती बैठक काय सांगू, उठावंसं वाटेना. स्टिअरिंग जरासं फिरवलं आणि मान हलवली. “डाव्या बाजूनं ओढते.”

“पण गाडी तर उभी आहे,” माई म्हणाल्या.

“उभी असून ओढते, म्हनजे चालतानी काय करन पाहा.”

बाजारात एव्हाना विकणारा अंगावर आला असता. ‘कोन म्हनते ओढते? चालवून पाहा!’ माई मात्र पायरीवर बसल्या. मला वाटलं, बाई कसलेल्या दिसतात, भाव धरून बसल्या आहेत. म्हणून मी जोर केला. पेट्रोल सांगितलं, सुटे भाग सांगितले, ते निदान खरं होतं. मग म्हणालो, “अन् ब्रेकचा तं भरवसाच नाई. घाटात घेऊन जाल तं सरळ खाली.”

“साहेब याच गाडीनं चिखलदऱ्याला जायचे,” माई हळू आवाजात म्हणाल्या. “मी शेजारी बसलेली असायचे.” आणि त्यांनी पदर डोळ्यांना लावला.

इथं थांबायचं की नाही माणसानं? पण मला काय दिसलं सांगू? बैलाच्या गळ्यात पडून डोळे पुसणारा व्यापारी दिसला. मनात म्हटलं, आता सौदा जवळ आला. आणि मी शेवटचा ऐब काढला. तो आठवला की आजही मला जेवण गोड लागत नाही.

“नशीबवान होते साहेब,” मी म्हणालो, “की हिच्यात नाई गेले.”

माई उठल्या. डोळे कोरडे केले. “बरं झालं तुम्ही आलात. आणखी दोघं येणार होते पाहायला. लेकराबाळांची माणसं. मी त्यांच्या गळ्यात ही गाडी मारली असती आणि जन्मभर मला झोप लागली नसती. आता मी ती कुणालाच देणार नाही.”

“कुनालेच नाई? मी घेतो ना!”

“तुम्ही?”

“तुमी म्हनान त्या भावात.”

माईंनी माझ्याकडे पाहिलं. असं माझ्याकडे माझ्या आईनंसुद्धा कधी पाहिलं नव्हतं. “माझी कीव येऊन घेऊ नका हो.”

“कीव नाई माई. गाडी झ्याक हाय. मी खोटं बोललो.”

“आता बोलताय ते खोटं. माझं मन राखायला. कळतं मला.”

“रंग बी छान हाय. ओढत बी नाई. उभी गाडी कशी ओढन?”

“घरी मंडळी आहेत ना तुमच्या? मग त्यांना या गाडीत बसवायचं तुमच्या मनात तरी कसं येतं?”

जितकं मी गाडीचं कौतुक करत गेलो, तितका मी त्यांच्या नजरेत मोठा होत गेलो. शेवटी चहा आला. पोरांसाठी डिंकाचे लाडू बांधून मिळाले. सौद्याशिवाय चहा प्यायची ती माझी पहिलीच वेळ, आणि तो चहा फार सुरेख होता हो, तेच जास्त लागलं.

घरी आलो. सिंधू दारातच उभी होती. माझ्यामागं रस्त्यावर लांबवर पाहिलं तिनं, गाडी दिसते का म्हणून. मी सगळं सांगितलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. लाडूंचा पुडा उघडून पोरांना वाटला आणि मग म्हणाली, “मले पाहाले आलते तवा ‘उंचीनं कमी’ म्हनलं होतं. मंग कधीच काई म्हनलं नाई. मी तुमाले आवडली का तुमी अजून भावच करून राहिले, हे मले आजलोक समजलं नाई.”

मी म्हणणार होतो. अगदी जिभेवर आलं होतं. पण तेवढ्यात म्हणालो, “लाडू जरा कडक हायेत.”

लग्नाला आम्ही रेल्वेनं गेलो. पेटी, पोरं, बडनेरा, मूर्तिजापूर, अकोला, धूळ.

संध्याकाळी अमरावतीहून वऱ्हाड आलं. वाजंत्री पुढं, गर्दी मागं आणि मधून हळूहळू सायीच्या रंगाची लांबलचक गाडी. आत नवरदेव. मुलीकडचा वडीलधारा म्हणून गाडीला हार घालायचं काम कोणाकडे आलं असेल? घातला. पट्टीत पुन्हा माझंच तोंड दिसलं.

मुलाचे वडील रामरावजी, भाजीबाजारातले अडते, दिलदार माणूस. गाडी स्वतः चालवत होते. जेवणं झाल्यावर सगळ्यांत बसून सांगू लागले, “डाक्टरसायबानं माह्या मायले वाचवलं होतं जी. म्हनून माईले भेटाले गेलो. त्या तं गाडी देतच नोयत्या. कोनी एक लय पारखी मानूस येऊन सारे ऐब सांगून गेला म्हने, देवमानूस. मी म्हनलं, साहेबाची आठवन म्हनून द्या, मरन आलं तं माह्यं मले. तवा कुठं देली, अन् भाव काय, निस्ती फुकटच. मिस्तरीले दाखवली तं काईच ऐब नाई. त्या पारख्याचे पाय धरावं वाटते मले.”

सिंधू माझ्याकडे पाहत नव्हती. मुद्दाम पाहत नव्हती.

तेवढ्यात रामरावजींना काय वाटलं कोण जाणे, मला व्याही मानून म्हणाले, “चला इवाईबुवा, ताईले घेऊन बसा, गावातून एक चक्कर मारू.” बसलो मागं. सिंधूनं बैठकीवरून हात फिरवला, काचेतून बाहेर पाहिलं. तिचा चेहरा असा मी लग्नातही पाहिला नव्हता. रामरावजींनी पुढून विचारलं, “कशी वाटते गाडी?”

आता भाव करायचा नव्हता. गाडी माझी नव्हती, होणारही नव्हती. नुसतं ‘छान’ म्हणायला काय जात होतं माझं? मी तोंड उघडलं.

“डाव्या बाजूनं ओढते.”

गाडी थांबली. रामरावजी सावकाश मागं वळले. “माई बी हेच म्हनत होत्या,” ते म्हणाले. “ह्याच शब्दात.”

मग ते जे हसू लागले, की त्यांना स्टिअरिंगवर डोकं टेकावं लागलं. गाडी पुन्हा सुरू झाली, ती थेट माझ्या सासूच्या दारात उभी राहिली. सिंधू उतरली. धुळीचा कण नाही अंगावर. दुसऱ्याच्या गाडीतून उतरली, पण उतरली.

म्हातारी दारातून डोळे बारीक करून पाहत होती. “जावयानं घेतली का वं गाडी?”

“घेतच होते माय,” सिंधू म्हणाली. “लय पसंत पडली, म्हनून राहून गेली.”